आरंभाकडून सातत्याकडे
सेवाभावी संस्थेची गती कशी निर्माण होते व कशी टिकते, याविषयी थोडे विवेचन



आपल्या भाषेत ‘आरंभशूर’ असा एक शब्द आहे आणि ‘नव्याचे नऊ दिवस’ अशी एक म्हण आहे. काम उत्साहाने सुरू करणे आणि ते चालू ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या समाजाने फार पूर्वी ओळखले होते, असा याचा अर्थ. सेवाभावी संस्थांच्या बाबतीत हा फरक विशेष जाणवतो. कोनशिला बसते, उद्घाटन होते, छायाचित्रे प्रसिद्ध होतात. त्यानंतरच्या तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षी तोच विभाग त्याच जोमाने चालू आहे काय, हे पाहण्यास फारसे कोणी येत नाही. रुग्ण मात्र त्या चौथ्या वर्षीही येतच असतो.

वार्षिक अहवालातील ताळेबंद, उत्पन्न-खर्च पत्रक आणि रुग्णसंख्येचे तक्ते हे वर्षअखेरीस संस्था कोठे उभी आहे, एवढे सांगतात. ती कोणत्या वेगाने चालली आहे आणि तो वेग पुढे टिकेल किंवा नाही, हे त्यांतून सहजासहजी उमगत नाही. म्हणून या वर्षीच्या अहवालात आकड्यांच्या जोडीने या विषयाचे थोडे विवेचन करण्याचे योजिले आहे. त्यास एक तात्कालिक कारणही आहे. आपल्या डायलिसिस विभागाच्या विस्ताराचा प्रस्ताव विश्वस्त मंडळाच्या विचाराधीन असून, त्याचा निर्णय ज्या मुद्द्यावर अवलंबून आहे तो नेमका हाच आहे.

गती म्हणजे काय?

अमेरिकेतील व्यवस्थापन-लेखक जिम कॉलिन्स यांनी सन २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गुड टू ग्रेट’ या ग्रंथात संस्थेच्या प्रगतीसाठी जड गतिचक्राची उपमा योजली, आणि सन २००५ मध्ये सामाजिक संस्थांसाठी त्या विचाराची एक स्वतंत्र पुस्तिका लिहिली. आपल्याकडील ज्या वाचकांनी विहिरीवरचे जुने ऑइल इंजिन हँडल मारून सुरू केले आहे, त्यांना हे गतिचक्र समजावून सांगावे लागणार नाही. पहिला फेरा सर्वांत जड असतो. दुसरा किंचित हलका. काही फेऱ्यांनंतर चाक स्वतःच्या वजनाने फिरू लागते आणि मग इंजिन पेट घेते. कोणत्या एका फेऱ्याने इंजिन सुरू झाले, असे विचारले तर त्याला उत्तर नसते. ते सर्व फेऱ्यांनी मिळून सुरू झालेले असते.

या यंत्रात आणखी एक बोधप्रद गोष्ट आहे. चार टप्प्यांच्या इंजिनात इंधन जळून शक्ती निर्माण होते ती केवळ एका टप्प्यात. उरलेले तीन टप्पे चाकात साठलेल्या गतीवर पार पडतात. धर्मादाय संस्थेचे आर्थिक वर्ष बरेचसे असेच असते. देणग्यांचा मोठा भाग आयकराच्या हिशेबामुळे फेब्रुवारी-मार्च महिन्यांत येतो; वेतन, औषधे, ऑक्सिजन व विजेचे देयक मात्र बाराही महिने द्यावे लागते. ज्या संस्थेच्या चाकात पुरेसे वजन नाही, ती पावसाळ्यातच अडखळू लागते.

तेव्हा गतीची व्याख्या अशी करता येईल : एका वर्षीच्या कामाचे फळ दुसऱ्या वर्षीच्या कामाचे बळ होणे. रुग्णास चांगली सेवा मिळाली, त्याने चार जणांस सांगितले, रुग्णसंख्या वाढली, त्यामुळे दर रुग्णामागील खर्च कमी झाला, त्या बचतीतून आणखी काही निर्धन रुग्णांवर उपचार झाले, ते पाहून देणगीदाराने पुन्हा देणगी दिली. अशी साखळी जेथे पूर्ण होते तेथे गती असते. यांतील एक कडी जरी निखळली, तरी संस्थेला दर वर्षी पुन्हा शून्यापासून आरंभ करावा लागतो. तसे करताना माणसे दमतात, आणि दमलेल्या माणसांकडून सेवा होत नाही.

मदुरै येथील एक उदाहरण

भारतातील सेवाभावी रुग्णालयांमध्ये या साखळीचे सर्वांत स्पष्ट उदाहरण तमिळनाडूतील अरविंद नेत्र रुग्णालयाचे आहे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी हे शासकीय सेवेतून वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त झाले आणि सन १९७६ मध्ये त्यांनी मदुरै येथे ११ खाटांचे नेत्र रुग्णालय सुरू केले. संधिवाताने त्यांच्या हातांची बोटे तरुणपणीच वाकडी झाली होती. तरीही ते शस्त्रक्रिया शिकले आणि करीत राहिले. त्यांच्या जिद्दीची कथा अनेकांना ठाऊक आहे. प्रशासकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे ती त्यांनी बसवलेली रचना.

या रुग्णालयात पैसे देणारे आणि न देणारे असे दोन्ही प्रकारचे रुग्ण येतात. दोघांवरही तेच डॉक्टर शस्त्रक्रिया करतात. फरक खोलीच्या व इतर सोयींचा असतो. पैसे देणाऱ्या रुग्णांकडून मिळालेल्या शिलकेतून मोफत शस्त्रक्रियांचा खर्च निघतो. हे जमते याचे कारण दर शस्त्रक्रियेमागील खर्च अत्यंत कमी ठेवलेला आहे. शस्त्रक्रियागृहात एका सर्जनसाठी दोन टेबले असतात. एका रुग्णाची शस्त्रक्रिया चालू असताना दुसऱ्याची तयारी पूर्ण होते. तयारीची व तपासणीची बहुतेक कामे खेड्यांतून निवडलेल्या व रुग्णालयाने स्वतः प्रशिक्षित केलेल्या मुली करतात. त्यामुळे सर्जनचा वेळ शस्त्रक्रियेखेरीज अन्यत्र खर्ची पडत नाही.

रुग्णसंख्या मोठी असेल तरच हे गणित जुळते, म्हणून शिबिरांना महत्त्व आले. आरंभी असे दिसून आले की शिबिरातील तपासणी मोफत आणि शस्त्रक्रियाही मोफत असूनही पुष्कळ रुग्ण शस्त्रक्रियेसाठी येतच नाहीत. प्रवासाचा खर्च, जेवणाची सोय, बुडणारी मजुरी आणि सोबत कोण येणार हा प्रश्न, या त्यांच्या खऱ्या अडचणी होत्या. मग रुग्णांना शिबिरातूनच बसने आणणे, त्यांच्या जेवणाची सोय करणे आणि परत पोहोचविणे हेही संस्थेने आपले काम मानले. निखळलेली कडी अशा रीतीने जोडली गेली.

पुढची अडचण कृत्रिम भिंगाची होती. आयात केलेले भिंग इतके महाग होते की ते मोफत रुग्णास बसविणे परवडत नसे. सन १९९२ मध्ये संस्थेने ‘ऑरोलॅब’ या नावाने स्वतःच भिंगे बनविण्यास आरंभ केला आणि त्यांची किंमत आयात भिंगांच्या एका लहान अंशावर आली. सन २००६ मध्ये डॉ. वेंकटस्वामी यांचे निधन झाले, तेव्हा मदुरैसह पाच ठिकाणी या संस्थेची रुग्णालये चालू होती. त्यांच्या पश्चातही काम मंदावले नाही.

या तीस वर्षांत ‘येथून सर्व काही बदलले’ असा एक दिवस दाखविता येणार नाही. अडलेली एकेक कडी शोधून ती दुरुस्त करीत राहणे एवढेच त्यात दिसते. प्रत्येक दुरुस्तीनंतर चाक थोडे अधिक सहज फिरू लागले.

हा नमुना सर्वत्र लागू पडतो काय?

जसाच्या तसा लागू पडत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सहसा एका डोळ्यास एकदाच करावी लागते. रुग्ण बरा होऊन घरी जातो आणि त्याचा हिशेब तेथे संपतो. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाचे तसे नाही. प्रत्यारोपण होईपर्यंत, आणि ते न झाल्यास आयुष्यभर, त्याला आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास, डायलिसिस घ्यावे लागते. आठवड्यातून तीन वेळा म्हणजे वर्षाला १५६ वेळा. एखादी पाळी चुकली तर शरीरात पाणी व पोटॅशियम साठते, धाप लागते, आणि प्रसंगी जिवावर बेतते.

म्हणून डायलिसिस विभाग हा संस्थेच्या सातत्याची सर्वांत कठोर परीक्षा घेणारा विभाग आहे. नेत्रशिबिर एक वर्ष झाले नाही तर रुग्ण पुढच्या वर्षाची वाट पाहू शकतो. डायलिसिसचा रुग्ण पुढच्या सोमवारचीही वाट पाहू शकत नाही. त्याने आपल्या केंद्राच्या भरवशावर शेतीची, नोकरीची आणि मुलांच्या शाळेची व्यवस्था लावलेली असते. असा विभाग सुरू करून दोन वर्षांनी बंद करणे हे तो मुळीच सुरू न करण्यापेक्षा अधिक अन्यायाचे आहे.

यंत्र आधी येते, खर्च मागाहून

डायलिसिसचे यंत्र देऊ इच्छिणारे दाते आपणांस लाभतात, याबद्दल संस्था त्यांची ऋणी आहे. यंत्र डोळ्यांना दिसते, त्यावर कै. आई-वडिलांच्या स्मरणार्थ नाव घालता येते, आणि ही भावना अत्यंत आदरणीय आहे. परंतु यंत्र हा भांडवली खर्च असून तो एकदाच होतो. त्यामागून येणारा आवर्ती खर्च मात्र यंत्राच्या संपूर्ण आयुष्यभर चालू राहतो.

एका वेळच्या डायलिसिससाठी केवळ द्रावणापुरतेच सुमारे १२० लिटर शुद्ध पाणी लागते, कारण यंत्रातून मिनिटाला साधारणपणे अर्धा लिटर द्रावण चार तास वाहत असते. हे पाणी शुद्ध करणारे संयंत्र, त्याचे पडदे व गाळण्या, पाण्याची नियमित तपासणी, डायलायझर, रक्तवाहक नळ्या, हेपरिन, रक्तवाढीची इंजेक्शने, प्रशिक्षित तंत्रज्ञ, परिचारिका, वीज गेल्यावर लागणारा जनित्रसंच व त्याचे डिझेल, आणि वार्षिक देखभाल करार, यांपैकी कशावरही नावाची पाटी लावता येत नाही. परंतु यांतील एक जरी गोष्ट थांबली तरी पाटी असलेले यंत्र बंद पडते.

हिशेब समजावा म्हणून काही आकडे गृहीत धरू. (हे आपल्या विभागाचे प्रत्यक्ष आकडे नव्हेत.) पाच यंत्रे, दिवसाला दोन पाळ्या, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे आठवड्याला ६० डायलिसिस. आठवड्यातून तीन वेळा येणारे २० रुग्ण यात सामावतात. वर्षाचे डायलिसिस झाले ३,१२०. दर वेळचा खर्च १,४०० रुपये आणि रुग्णाकडून अथवा योजनेतून मिळणारी रक्कम १,००० रुपये धरली, तर दर वेळची तूट ४०० रुपये व वर्षाची तूट १२ लाख ४८ हजार रुपये होते.

आता खर्च केवळ पाच टक्क्यांनी वाढला आणि मिळणारी रक्कम तेवढीच राहिली, असे समजू. खर्च १,४७० रुपये होईल आणि तूट ४७० रुपये. म्हणजे खर्चात पाच टक्के वाढ झाली, पण तूट साडेसतरा टक्क्यांनी वाढली. धर्मादाय संस्थांचे अंदाजपत्रक अनेकदा कोलमडते ते येथे. भाववाढीइतकी देणगी वाढली तरी पुरेल, असे वरवर वाटते. प्रत्यक्षात तूट भाववाढीच्या कितीतरी पट वेगाने वाढत असते.

शासकीय योजनांचा मोठा आधार आहे, हे येथे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. केंद्र शासनाने सन २०१६ मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू केला, आणि राज्यातील महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिसचा समावेश आहे. तथापि योजनेत काम करताना खर्च आधी होतो, आणि रक्कम दावा मंजूर झाल्यानंतर मिळते. ही रक्कम तीन महिन्यांनी मिळेल असे धरले, तर तीन महिन्यांच्या खर्चाइतके खेळते भांडवल संस्थेजवळ सदैव असावे लागते. ते नसेल तर पुस्तकात येणे दिसते आणि भांडारात डायलायझर नसतो.

दोनशे साठ माणसांचे बळ

वरील १२ लाख ४८ हजार रुपयांची तूट भरून काढण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला स्थायी निधीचा. साडेसहा टक्के व्याज धरले, तर एवढे उत्पन्न मिळण्यासाठी १ कोटी ९२ लाख रुपयांची ठेव लागेल. शिवाय सर्व व्याज खर्च केले तर ठेवीचे मूल्य महागाईने झिजत जाईल, म्हणून प्रत्यक्षात याहून अधिक रक्कम लागेल.

दुसरा मार्ग नियमित देणगीचा. दरमहा ४०० रुपये देणारे २६० देणगीदार मिळाले, तर महिन्याला १ लाख ४ हजार आणि वर्षाला नेमके १२ लाख ४८ हजार रुपये जमा होतात. पावणेदोन कोटींहून अधिक ठेवीचे काम २६० सामान्य माणसे करू शकतात, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. प्रत्येक जण महिन्याला एका डायलिसिसची तूट भरतो, एवढेच.

परंतु या मार्गालाही निगा लागते. देणगीदारांची बदली होते, परिस्थिती पालटते, काही जण विसरतात, काही दिवंगत होतात. वर्षाला शंभरातील पंधरा देणगीदार कमी होतात असे मानले आणि नवे कोणी जोडले गेले नाही, तर २६० चे पहिल्या वर्षाअखेर २२१, दुसऱ्या वर्षाअखेर १८८, तिसऱ्या वर्षाअखेर १६० आणि चौथ्या वर्षाअखेर १३६ होतात. चार वर्षांत जवळजवळ निम्म्या रुग्णांचा आधार गेला, आणि तोही कोणत्याही एका दिवशी काही विशेष न घडता. याउलट वर्षाला ३९, म्हणजे महिन्याला तीन-चार नवे देणगीदार जोडले गेले तर संख्या कायम राहते.

महिन्याला तीन-चार देणगीदार जोडणे हे अशक्य काम नाही. त्यासाठी मोठा समारंभ लागत नाही. पावती आठ दिवसांत पोहोचणे, वर्षातून दोनदा हिशेबाचे पत्र जाणे, देणगी खंडित झाल्यास त्याच महिन्यात आदराने विचारपूस होणे, आणि रुग्णालयास भेट देणाऱ्या प्रत्येकास विभाग दाखविणे, एवढे न चुकता झाले तरी पुरे. ‘न चुकता’ हा त्यातील अवघड भाग आहे.

कायद्याची चौकट

‘संस्थेने भरपूर शिल्लक ठेवावी’ असे सुचविणारे हितचिंतक असतात, तसे ‘धर्मादाय संस्थेजवळ शिल्लक कशाला?’ असे विचारणारेही असतात. दोघांसाठी काही बाबी स्पष्ट करणे उचित ठरेल.

आयकर कायद्यातील तरतुदींनुसार धर्मादाय न्यासाने करसवलत मिळविण्यासाठी आपल्या उत्पन्नाच्या किमान ८५ टक्के रक्कम त्या वर्षी उद्दिष्टांवर खर्च करावयाची असते. १५ टक्क्यांपर्यंत रक्कम मागे ठेवता येते. याहून अधिक रक्कम ठेवावयाची झाल्यास तिचा विशिष्ट हेतू ठरवून व विहित मुदतीत विभागास कळवून ती पाच वर्षांपर्यंत राखता येते. स्थायी निधीसाठीची देणगी यापासून वेगळी मानली जाते. मात्र ती स्थायी निधीसाठीच आहे असा देणगीदाराचा स्पष्ट लेखी निर्देश हवा. दात्यांनी देणगीसोबत दोन ओळींचे तसे पत्र जोडले, तर संस्थेचे काम पुष्कळ सुकर होते.

कंपनी कायदा २०१३ अन्वये ठराविक मर्यादेपुढील कंपन्यांना सन २०१४ पासून मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते. या निधीने अनेक रुग्णालयांना यंत्रसामग्री मिळाली. तथापि नियमांनुसार अशा बहुवार्षिक प्रकल्पाचा कालावधी आरंभीचे वर्ष वगळून तीन वर्षांपलीकडे जात नाही. तिसऱ्या वर्षानंतर काय, याचे उत्तर संस्थेने पहिल्याच वर्षी तयार ठेवले पाहिजे.

महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने सन २००६ पासून लागू झालेली योजना ही तर कायद्यानेच बसविलेले एक लहान गतिचक्र आहे. तीनुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात, आणि इतर रुग्णांच्या देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. म्हणजे पैसे देणारा रुग्ण जितका समाधानी आणि जितका अधिक, तितका हा निधी मोठा. सशुल्क विभागाची स्वच्छता, तत्परता व सौजन्य यांचा निर्धन रुग्णाच्या खाटेशी थेट संबंध आहे, ही गोष्ट आपल्या प्रत्येक सहकाऱ्याने ध्यानी ठेवावी.

दुसरी फळी

पैशानंतर प्रश्न येतो माणसांचा. संस्थापकांच्या पश्चात संस्था टिकते कशी, याचा एक जुना दाखला पुण्यात आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक व त्यांच्या सहकाऱ्यांनी सन १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढले. दोनच वर्षांनी, सन १८८२ मध्ये, विष्णुशास्त्री निवर्तले. सन १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले. सन १८९० मध्ये मतभेदांमुळे टिळक सोसायटीतून बाहेर पडले, आणि १८९५ मध्ये आगरकरांचे अकाली निधन झाले. पंधरा वर्षांत एवढे आघात झाले, तरी संस्था थांबली नाही. ती आजही चालू आहे.

यामागे अनेक कारणे असतील. त्यांतील एक रचनेचे आहे. सोसायटीच्या आजीव सभासदांनी दरमहा ७५ रुपये वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याचे बंधन स्वीकारले होते. गोपाळ कृष्ण गोखले त्यांपैकीच एक. त्या बंधनातील त्याग आपण नेहमी वाखाणतो. त्याचबरोबर त्यातील व्यवस्थाही पाहावी. पुढील वर्षी कोण शिकविणार, हा प्रश्न त्या संस्थेला दर जूनमध्ये नव्याने पडत नव्हता. मोठी माणसे गेली तेव्हा काम समजलेली माणसे तेथे आधीच उभी होती.

आजच्या काळात वीस वर्षांची प्रतिज्ञा कोणाकडून मागता येणार नाही, आणि मागूही नये. तंत्रज्ञास अधिक वेतनाची संधी मिळाली तर तो जाईल, आणि त्यात गैर काही नाही. संस्थेच्या हाती एवढे आहे की त्याच्या जाण्याने काम अडू नये. प्रत्येक विभागातील नित्याची कामे लिहून ठेवणे, प्रत्येक महत्त्वाच्या कामासाठी किमान दोन व्यक्ती तयार असणे, आणि निवृत्त होणाऱ्याने आपल्या जागी येणाऱ्यासोबत काही आठवडे काम करणे, या साध्या गोष्टी होत. एखादा कर्मचारी पंधरा दिवस रजेवर गेला असता कोणते काम थांबते, याची यादी केली तर संस्थेचे कच्चे दुवे आपोआप कळतात. ही कसोटी प्रशासक आणि विश्वस्त यांनाही तितकीच लागू आहे.

गती मोजावी कशी?

शिबिरांची संख्या, उद्घाटने, सत्कार यांवरून हालचाल कळते, गती कळत नाही. पुढील पाच बाबी दरमहा पाहिल्या तर संस्थेच्या प्रकृतीचा अंदाज येतो :

१. गतवर्षीच्या देणगीदारांपैकी किती जणांनी या वर्षी पुन्हा देणगी दिली. नव्या देणगीदारापेक्षा परत आलेला देणगीदार विश्वासाची अधिक खात्रीची खूण आहे.

२. संस्थेच्या अडचणीमुळे किती उपचार चुकले वा पुढे ढकलले गेले. यंत्र बंद, तंत्रज्ञ नाही, साहित्य संपले, अशी कारणे वेगवेगळी नोंदवावीत.

३. नवीन उत्पन्न आले नाही तर हाती असलेल्या रकमेवर रुग्णालय किती दिवस चालेल.

४. येणे रकमा सरासरी किती दिवसांनी वसूल होतात.

५. वर्षभरात किती प्रशिक्षित कर्मचारी सोडून गेले आणि त्यांच्या जागा किती दिवस रिकाम्या राहिल्या.

एका महिन्याच्या आकड्यावरून घाबरून जाऊ नये व हुरळूनही जाऊ नये. तोच आकडा सलग सहा महिने एकाच दिशेने सरकत असेल, तर मात्र त्याची दखल घेतलीच पाहिजे.

नव्या कामापूर्वी चार प्रश्न

गती मंदावण्याचे आणखी एक कारण चांगल्या हेतूंतूनच जन्मते. दर वर्षी नवे काही सुरू करावे असा आग्रह असतो. प्रत्येक नवा उपक्रम जुन्या उपक्रमाचा थोडा वेळ, थोडा पैसा आणि थोडे लक्ष घेऊन जातो, आणि अखेरीस अनेक चाके अर्धवट फिरत राहतात. म्हणून कोणताही नवा विभाग अथवा देणगीतील नवे यंत्र स्वीकारण्यापूर्वी चार प्रश्न विचारण्याची प्रथा असावी, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते. याचा वार्षिक आवर्ती खर्च किती? तो पुढील पाच वर्षे कोण देणार? हे चालविणारी दोन माणसे कोण? आणि उद्या हे थांबले तर ज्याचे नुकसान होईल तो रुग्ण कोण? चौथ्या प्रश्नाचे उत्तर जितके गंभीर, तितकी पहिल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे पक्की हवीत.

या उत्तरांअभावी एखादी उदार देणगीही काही काळ थांबवावी लागते. दात्याच्या भावनेचा अनादर व्हावा असा त्यात हेतू नसतो. त्याच्या आईच्या नावाचे यंत्र तीन वर्षांनी आच्छादनाखाली धूळ खात पडू नये, एवढीच काळजी असते.

निवेदन

आपल्या डायलिसिस विभागाच्या विस्ताराचा विचार याच चार प्रश्नांच्या प्रकाशात चालू आहे. यंत्रांसाठी निधी मिळणे शक्य आहे, जागा उपलब्ध आहे, आणि प्रतीक्षायादीवर रुग्ण आहेत. अपुरी आहे ती नियमित आधाराची बाजू. ज्या दिवशी आवर्ती तुटीइतके मासिक देणगीदार नोंदले जातील, त्या दिवशी विस्ताराचा निर्णय निश्चिंत मनाने घेता येईल. त्यापूर्वी तो घेणे प्रतीक्षायादीवरील रुग्णांना पोकळ आश्वासन देण्यासारखे होईल.

म्हणून या अहवालाच्या वाचकांस विनंती अशी की आपण शक्य असेल तेवढी लहान रक्कम, परंतु दरमहा, देण्याचा विचार करावा. आधीपासून नियमित देणगी देणाऱ्यांनी आपल्या परिचयातील एका व्यक्तीस या कामाशी जोडून द्यावे. ज्यांना देणगी देणे शक्य नाही, त्यांनी विभागास भेट देऊन काम पाहावे, उणिवा दिसल्यास निःसंकोच सांगाव्यात. नोंदणीचा अर्ज लेखा विभागात उपलब्ध आहे.

गेली अनेक वर्षे ज्यांची देणगी प्रत्येक महिन्यात न चुकता जमा होत आहे, ज्यांपैकी अनेकांनी नाव प्रसिद्ध न करण्याची अट घातली आहे, आणि जे सहकारी पहाटेच्या पाळीस वेळेवर येऊन पाण्याचे संयंत्र सुरू करतात, त्या सर्वांचे संस्थेच्या वतीने मनःपूर्वक आभार. हे चाक आज फिरते आहे, ते त्यांच्या हातांनी.

आपला विनम्र,
प्रशासक